मार्गदर्शकाच्या रकान्यातली सही

आमच्या शाळेतले क्रीडाशिक्षक मे महिन्यात निवृत्त झाले आणि जूनमध्ये खेळाचे तास माझ्याकडे आले. मी मराठी शिकवते. तेव्हा माझं वय चव्वेचाळीस होतं, जिना उतरताना उजवा गुडघा वाजायचा, आणि आयुष्यात लंगडीच्या पलीकडे मी काही खेळले नव्हते. मुख्याध्यापकांनी मला कार्यालयात बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही बूट घालता."

हे खरं होतं. शाळा मंद्रूपच्या पुढे एका लहान गावात आहे. रोज सोलापूरहून एस.टी.नं यायचं आणि फाट्यावर उतरून दीड किलोमीटर चालायचं, म्हणून मी साडीखाली कापडी बूट घालत असे. बाकीच्या शिक्षिका चपला घालत. एवढ्या पुराव्यावर मला खेळ मिळाला.

"नवीन माणूस येईपर्यंतच," सर म्हणाले. "पद भरायचा प्रस्ताव गेलेला आहे."

तो प्रस्ताव अजून गेलेलाच आहे.

मला मैदानाची भीती वाटत होती, म्हणून मी पुस्तकापासून सुरुवात केली. जुन्या सरांच्या कपाटात शारीरिक शिक्षणाचं एक पुस्तक होतं. ते दोन दिवस वाचलं. त्यात शारीरिक क्षमतेचे अकरा घटक दिले होते, पाच आरोग्याचे आणि सहा कौशल्याचे. मी प्रत्येकापुढे पेन्सिलीनं स्वतःची तपासणी केली. तोल माझ्याकडे होता, कारण एस.टी.त उभं राहून मी वह्या तपासू शकत असे. 'शरीराची घडण' या घटकापुढे मी काही लिहिलं नाही. बाकीच्या नऊंपुढे फुली आली.

आठवीच्या वर्गात मी अकराही घटक फळ्यावर लिहिले. मुलींनी उतरवून घेतले. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी शेळ्या-मेंढ्या होत्या आणि ती कधीही बसून प्रश्न विचारत नसे.

"मॅडम, समन्वय म्हंजी काय?"

मी पुस्तक उघडून वाचलं, "ज्ञानेंद्रिये व स्नायू यांच्या एकत्रित कार्यातून हालचाल अचूक व सुबक होणे, यास समन्वय म्हणतात."

तिनं ते लिहून घेतलं. कळलं का, असं मी विचारलं नाही, कारण मलाही कळलं नव्हतं.

दारात शिपाई मावशी नोटिसांची वही घेऊन उभ्या होत्या. बावन्न वर्षांच्या, काटक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. बावीस वर्षं त्या या शाळेत घंटा देत होत्या, पाणी भरत होत्या, वर्ग झाडत होत्या. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो आणि त्याच्यापुढे त्यांच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नव्हतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "त्यो डस्टर हिकडं फेका की."

मला वाटलं, फळा पुसायचाय. मी डस्टर फेकला. तो भलतीकडेच गेला, दाराच्या चौकटीपासून हातभर लांब आणि गुडघ्याच्या खाली. मावशी जागेवरून हलल्यासारख्या दिसल्याच नाहीत. वही डाव्या हातात तशीच होती आणि डस्टर उजव्या हातात होता.

"ह्येला म्हनत्यात," मावशी त्या मुलीला म्हणाल्या. डस्टर टेबलावर ठेवला, नोटिशीवर माझी सही घेतली आणि पुढच्या वर्गाकडे गेल्या.

नोटीस तालुका स्पर्धेची होती. चौदा वर्षांखालील मुलींचा खो-खोचा संघ पाठवायचा होता. शाळेनं आजवर कधी पाठवला नव्हता. सर म्हणाले, "सहभाग महत्त्वाचा." आमच्याकडे हे वाक्य हरायचं आधीच ठरलेलं असतं तेव्हा म्हणतात.

मी पंधरा मुली निवडल्या आणि वेळापत्रक केलं. सोमवारी वेग, मंगळवारी ताकद, बुधवारी लवचिकता, गुरुवारी दम. गुरुवारी मी स्वतः मुलींबरोबर मैदानाला फेऱ्या मारल्या. दीड फेरीनंतर मी लिंबाखाली थांबले आणि शिट्टी वाजवत बाकीच्या मोजल्या. शुक्रवारी मुलींना वेळापत्रक तोंडपाठ होतं. त्या मैदानात आखलेल्या चौकोनांत बसल्या, एकीनं दुसरीला 'खो' दिला, दुसरी उठून पळाली आणि पळणारी तोवर पाणी पिऊन आली.

मावशी कुंपणाच्या झाडांना पाणी घालत होत्या. चार दिवस त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी बादली खाली ठेवली.

"मॅडम, ईचारू का?"

"विचारा की."

"खेळ कंदी सुरू व्हनार हाय?"

मी म्हटलं, हाच खेळ आहे. त्यांनी चौकोनांत बसलेल्या मुलींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्यास्नी बसायचं कसं तेच न्हाय म्हाईत. दावू का?"

त्यांनी पदर खोचला, किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि चौथ्या चौकोनात जाऊन बसल्या. बसल्या म्हणजे टेकल्या नाहीत. टाचा वर, वजन पुढं, बोटं जमिनीवर. "द्या खो," त्या म्हणाल्या. मागच्या मुलीनं भीत भीत पाठीला हात लावला. 'खो' हा शब्द तिच्या तोंडातून पुरता निघायच्या आत मावशी तीन पावलं पुढं होत्या आणि त्यांचा हात पळणाऱ्या मुलीच्या खांद्यावर होता.

मुली ओरडल्या. मावशी परत आल्या, जुडगा घेतला आणि कमरेला लावला. त्यांना दम लागलेला नव्हता. मला लागला होता.

"तुम्ही खेळायचा?" मी विचारलं.

"माझं माहेर येळापूरकडं हाय की," त्या म्हणाल्या. वेळापूर म्हणजे खो-खोचं गाव; या जिल्ह्यात एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. तरी मी विचारलं. त्या दोनदा राज्य स्पर्धेपर्यंत गेल्या होत्या. अठराव्या वर्षी लग्न होऊन इकडे आल्या. नवरा याच शाळेत शिपाई होता. तो वारला, तेव्हा त्याच्या जागी त्यांना घेतलं.

"बावीस वर्षांत कधी बोलला नाहीत?"

"कुनी ईचारलंच न्हाय. पयल्या सरांनी चेंडूच्या कपाटाची किल्ली दिल्ती. तेवडंच."

दुसऱ्या दिवसापासून मावशी शिकवू लागल्या. सकाळी शाळेआधी अर्धा तास आणि दुपारी शेवटचा तास. शेवटच्या तासाची घंटा त्यांनीच द्यायची असल्यामुळे त्या पावसाळ्यात आमच्या शाळेचा शेवटचा तास फार लांबत असे. गणिताच्या सरांनी आपलं घड्याळ दोनदा दुरुस्तीला टाकलं.

त्यांची शिकवण्याची पद्धत सोपी होती. मुलींना पाठमोरं बसवायचं आणि मागून टाळी वाजवायची. टाळीला उठायचं. मग टाळी वाजवतो असं भासवून वाजवायची नाही, आणि जी उठली तिनं मैदानाला एक फेरी मारायची. मी शेजारी पुस्तक घेऊन उभी असे.

"मावशी, याला प्रतिक्रिया काळ म्हणतात."

"म्हनू द्या," मावशी म्हणायच्या.

पळता पळता एका पायावर वळायचं, मातीवर दोन खुणा करून त्यांच्यामधून वाकून सटकायचं, खांबाला एका हातानं धरून पूर्ण अंग बाहेर झोकून द्यायचं. माझ्या पुस्तकातले घटक मला एकेक करून दिसायला लागले. फक्त ते पुस्तकातल्यासारखे वेगवेगळे येत नव्हते. चपळता, ताकद आणि तोल एकाच उडीत यायचे आणि मला कुठल्या वाराच्या खाली लिहावं ते कळेना. तिसऱ्या आठवड्यात मी वेळापत्रक काढून टाकलं. मेंढ्यांच्या घरातली ती मुलगी कप्तान झाली. ती सगळ्यांत वेगवान नव्हती, पण ती दमत नसे. मावशींनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "मेंढरं थांबत्यात व्हय?"

मग प्रवेश अर्ज आला. त्यात एक रकाना होता, मार्गदर्शक शिक्षकाचं नाव, पद आणि सही. मी अर्ज घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले.

"सर, इथं मावशींचं नाव घालूया. सगळं त्यांनीच शिकवलंय."

सरांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना रकान्यांची काळजी असते. "मॅडम, रकाना शिक्षकाचा आहे. शिपायाचं नाव घातलं तर वरून विचारतील. आणि तुम्ही सगळे गेलात तर इथं घंटा कोण देणार?"

मी आणखी एक वाक्य बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही, म्हणजे ते फार जोरदार नसणार. मग मी सही केली. मावशींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असू द्या. पोरी जात्यात न्हवं?" आणि जिना झाडायला लागल्या.

स्पर्धेला मी एकटी मुलींना घेऊन गेले. मैदानावर पहिल्या सामन्याला आमच्या मुली चौकोनांत बसल्या आणि कप्तान माझ्याकडे पाहू लागली. सांगा, असं ते पाहणं होतं. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मी बाजूला जाऊन मावशींना फोन लावला.

"मावशी, सुरू झालं. एक मुलगी आउटच होत नाहीये."

"उच्ची हाय का बुटकी?"

"बुटकी. निळ्या रिबिनी."

"रिबिनी र्‍हाऊ द्या. नागमोडी पळतीय का गोल फिरतीय?"

मी पाहिलं. "गोल. दोघींच्या मधून शिरते, मग तिसरीच्या मागून येते."

"खांबाकडं न्या तिला. लगालगा खो दिऊ नका म्हनावं. हाकलत न्या, खांबावर घावती."

मी ओरडले, "खांबाकडे न्या! खो देऊ नका! हाकला!" कप्ताननं मेंढरं हाकावीत तसं त्या निळ्या रिबिनीवालीला कडेनं खांबापर्यंत नेलं आणि तिथं अंग झोकून तिचा पाय पकडला. पंचांनी शिट्टी दिली.

"घावली?" फोनमधून आवाज आला.

"घावली!" मी ओरडले. मराठीची शिक्षिका म्हणून मी हा शब्द वर्गात तीनदा तरी कापला होता.

त्या दिवशी आम्ही अंतिम सामन्यासकट तीन सामने जिंकलो. मी पाहून सांगायचं, मावशींनी ऐकून ठरवायचं, आणि मी ओरडायचं. तेवीस वर्षं निबंधात 'वर्णन करा' असं लिहून देत आले होते, पण वर्णन इतक्या घाईचं काम असतं हे मला त्या दिवशी कळलं. अंतिम सामन्याच्या वेळी मावशी घंटेखाली फोन कानाला लावून बसल्या होत्या. शाळा वीस मिनिटं उशिरा सुटली. गणिताच्या सरांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही म्हणे.

स्थानिक पेपरात चार ओळींची बातमी आली, आणि मार्गदर्शिका म्हणून त्यात माझं नाव होतं. पुढच्या सोमवारी शाळेत सत्कार ठेवला. मुलींना पुष्पगुच्छ आणि मला शाल, श्रीफळ. मी आदल्या दिवशी ठरवलं होतं की माइकवर सगळं सांगायचं. स्टेजवर चढले. मावशी नारळांचं तबक घेऊन शेजारी उभ्या होत्या. त्यांनी नारळ उचलून सरांच्या हातात दिला, सरांनी तो माझ्या हातात दिला. टाळ्या झाल्या. समोर संस्थेचे दोन पदाधिकारी बसले होते. मी माइक घेतला आणि संस्थेचे, मुख्याध्यापकांचे, पालकांचे आणि सर्व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे आभार मानले.

असं झालं. कुणी मला अडवलं नव्हतं. वाक्य तयार होतं आणि तोंडातून दुसरंच वाक्य आलं, जे प्रत्येक सत्कारात येतं.

दुपारी मी शाल घेऊन मावशींच्या खोलीत गेले. त्या खडूंची खोकी मोजून ठेवत होत्या.

"मावशी, ही शाल तुमची आहे."

"शाल घिऊन काय करू? हितल्या उनात?"

"माझं चुकलं."

त्यांनी खोकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मला राग आलाय. शालीचा न्हाय. अर्जावरच्या सहीचा बी न्हाय. ते कागदाचं काम हाय, मला समजतंय. पर माईक तुमच्या हातात व्हता. नाव घ्याचं व्हतं. पोरी बगत व्हत्या माझ्याकडं."

एवढं बोलून त्या घंटा द्यायला गेल्या. मी खोलीत उभी राहिले. शाल परत पिशवीत भरताना तिची नीट घडी होईना. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. पुढच्या तासाला नववीला मी चुकून सातवीचा धडा शिकवला. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही.

मावशी मैदानावर येतच राहिल्या. मुलींशी बोलायच्या. माझ्याशी बोलायच्या तेव्हा "व्हय मॅडम", "न्हाय मॅडम" एवढंच. मी पुस्तकातलं नाव सांगितलं तरी "म्हनू द्या" म्हणायच्या नाहीत. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

चार दिवसांनी परिपाठ माझ्याकडे होता. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. मी सुविचाराचा कागद बाजूला ठेवला आणि माइक हातात घेतला. मावशी नळाजवळ उभ्या होत्या. मी त्यांचं पूर्ण नाव घेतलं, माहेरच्या आडनावासकट. म्हटलं, आपला संघ यांनी तयार केला. या दोनदा राज्य स्पर्धा खेळल्या आहेत. स्पर्धेच्या दिवशी मी ओरडत होते ते शब्द यांचे होते. सत्काराच्या दिवशी हे सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही, त्याबद्दल मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागते.

मध्येच माइक बंद पडला. सातवीच्या एका मुलानं वायर हलवली, तेव्हा तो पुन्हा सुरू झाला. कुठपर्यंत ऐकू गेलं ते कळेना, म्हणून मी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ते अवघड गेलं नाही. टाळ्या कप्ताननं सुरू केल्या. मावशींनी नळ बंद केला आणि ओले हात पदराला पुसत राहिल्या. बराच वेळ पुसत होत्या.

सरांनी मला बोलावलं. "मॅडम, आधी माझ्याशी बोलायचं होतं."

"बोलले होते, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग टेबलावरचा जिल्हा स्पर्धेचा अर्ज माझ्याकडे सरकवला. "याच्यात खाली आणखी एक रकाना आहे. संघ व्यवस्थापक. तिथं शिक्षकच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. मी काल वाचलं." मग म्हणाले, "घंटा मी देईन."

जिल्हा स्पर्धा सोलापुरात झाली. मावशी नवी साडी नेसून आल्या होत्या. गळ्यात व्यवस्थापकाचं ओळखपत्र होतं आणि ते पदराखाली जाऊ नये म्हणून त्या सारखं वर काढत होत्या. या वेळी त्या मैदानाच्या कडेला बसल्या आणि मी पाण्याच्या बाटल्या धरल्या. पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्या सामन्यात समोर वेळापूरकडचा संघ आला.

त्यांच्या मुली वेगळ्याच होत्या. आमच्या मुली धावत होत्या, त्यांच्या वाहत होत्या. मावशी सतत सांगत राहिल्या, घसा बसला त्यांचा. मध्यंतरानंतर आमची कप्तान मैदानात पळत होती, ती दोन मिनिटं टिकली. मग समोरच्या संघातली एक बारीकशी मुलगी जमिनीला समांतर अशी हवेत गेली आणि तिनं कप्तानची टाच पकडली. इतका लांब सूर मी आधी पाहिला नव्हता. शेजारी टाळ्यांचा आवाज आला. मावशी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

बाद झालेली कप्तान धुळीनं माखून बाहेर आली. ती चिडलेली होती. "मावशी, तुमी कुनाच्या हायसा?"

"तुमच्याच हाय की," मावशी म्हणाल्या. "पर त्या पोरीचा सूर बगितलास का? तिचं ढोपर भुईला लागलं न्हाय. तुझं लागतंय. बस हितं, सांगते."

आम्ही चार गुणांनी हरलो. मुली रडल्या, मग त्यांनी भजी खाल्ली, मग जीपमध्ये एकमेकींच्या अंगावर झोपल्या. मावशी पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"काय कमी पडलं?" मी विचारलं.

"दम," त्या म्हणाल्या. "शेवटची दोन मिंटं. पाय हलत व्हते पर डोस्कं दमलं व्हतं. त्येला तुमच्या पुस्तकात काय म्हनत्यात?"

मी विचार केला. अकराही घटक मनात मोजले. "त्याला काही नाव दिलेलं नाही."

"मग लिवा की तुमी," मावशी म्हणाल्या, आणि जीप विजापूर रोडला लागेपर्यंत पुढच्या वर्षी कोणाला कुठल्या चौकोनात बसवायचं ते सांगत राहिल्या.

यंदाही खेळाचे तास माझ्याकडेच आहेत. मावशींच्या निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत. सकाळच्या सरावाला एखादी मुलगी आली नाही तर तिच्या चौकोनात त्या मला बसवतात. टाचा वर, वजन पुढं. परवा मला खो मिळाला तेव्हा मी उठेपर्यंत पळणारी खांब ओलांडून गेली होती. मावशींनी मैदानापलीकडून हाक दिली, "मॅडम, बरं हाय. मागच्या आटवड्यात तुमी उटलाच न्हवता."